बाबांचा डायबेटीस, गोळ्या आणि गटारी – सल्ला हवा आहे

गटारी तोंडावर आली आणि घरात वाद सुरू झाला, म्हणून हा धागा. बाबा ६३ वर्षांचे, आम्ही ठाण्यात चरईला राहतो. टाइप २ डायबेटीस, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू, इन्सुलिन नाही. एरवी घेत नाहीत, पण ऐरोलीला जुन्या मित्रांकडे बसले की दोन लार्ज ठरलेले.

मागच्या वेळी नुसत्या चकण्यावर राहिले आणि न जेवता झोपले. पहाटे दरदरून घाम, हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय. आईला वाटलं अजून उतरलेली नाही, ती चिडून निघून गेली. मशीन लावलं तर साखर ५८! साखरेचं पाणी दिल्यावर ताळ्यावर आले. वर म्हणतात, "कमीच झाली ना, मग चांगलंच आहे की." काय बोलणार?

सरळ बंद करा म्हटलं तर चोरून घेतील, ते जास्त वाईट. कोकऐवजी सोडा घेतला की भागेल का? आणि त्या रात्रीची गोळी टाळायची का?

प्रतिसाद १
वाशीत नर्स आहे, डॉक्टर नव्हे. सोड्यामुळे कोकमधली साखर टळेल, पण तुमच्याकडे जे झालं ते त्याने थांबणार नाही. रात्री पोट रिकामं असताना लिव्हर रक्तात साखर सोडत असतं. दारू पोटात गेली की ते तिच्या मागे लागतं आणि नवी साखर बनवणं मंदावतं. इकडे ग्लिमेपिराइड इन्सुलिन सोडायला लावतच असतं. म्हणून साखर उतरते, तीही कधी कधी दुसऱ्या दिवशी.

शेंगदाणे, तंदुरी म्हणजे जेवण नव्हे. पिताना भाकरी किंवा भात पोटात हवाच. झोपण्याआधी मशीन लावा, १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊनच झोपू द्या. ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. डाएट कोक तेव्हा कुचकामी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन.

गोळी मनाने टाळू नका. किती घेतात ते डॉक्टरांना खरं सांगून विचारा. लिव्हर-किडनीचे रिपोर्टही न्या, कारण जास्त दारू आणि मेटफॉर्मिन मिळून रक्तात लॅक्टिक अ‍ॅसिड साठू शकतं. क्वचित होतं, पण जिवावर बेततं.

प्रतिसाद २
दोन लार्ज म्हणजे १२० मिली. अमेरिकन डायबेटीस असोसिएशन पुरुषांना दिवसाला जास्तीत जास्त दोन ड्रिंक म्हणते, पण त्यांचं एक ड्रिंक साधारण ४५ मिलीचं. मित्रांना डायबेटीस माहीत आहे का? तोंडाला वास आला की लोक झिंगलाय म्हणून झोपू देतात.

धागाकर्ती
नाही, त्यांना माहीत नाही, बाबांनी लपवलंय. ऐरोलीच्या काकांना आजच फोन करते, आणि गटारीआधी डॉक्टरांची वेळ मिळते का बघते. रिपोर्ट मात्र वर्षभर जुने आहेत, नवीन काढायला उपाशीपोटी जावं लागेल का?

प्रतिसाद १
लिव्हर-किडनीसाठी सहसा नाही. सोबत फास्टिंग शुगर करायची असेल तर आठ तास उपाशी.