युक्रेनी मेनूकार्ड वाचायला कसे शिकलात? अनुभव सांगा

खडीसाखर
फोनची मेमरी भरली म्हणून जुने फोटो उडवत बसले होते. त्यात विनित्सियातल्या कँटीनच्या फळ्याचा फोटो सापडला, २०२१ चा. तेव्हा त्यातलं एकही अक्षर लागत नव्हतं. लिपी सिरिलिक, रेस्टॉरंटच्या पाटीवरचा 'पी' हा 'र' निघतो, 'सी' हा 'स', आणि 'एच' चक्क 'न'. काल तोच फळा घडाघडा वाचला. मग म्हटलं धागा काढावाच, युक्रेनमध्ये शिकलेले बरेच जण इथे आहेत.

माझं ठाम मत: पदार्थांची नावं नंतर, आधी दोन शब्द शिका. 'झ' म्हणजे घालून आणि 'बेझ' म्हणजे न घालता. वारेनिकी (आपल्या उकडीच्या करंज्याच त्या) झ कार्तोप्लेयू म्हणजे आत बटाटा. झ कापुस्तोयू, कोबी. झ विश्नेयू, आंबट चेरी. शाळेत घोकलेल्या विभक्त्या इथे कामाला आल्या. 'झ' नंतर तृतीया, 'बेझ' नंतर षष्ठी. म्यासो म्हणजे मांस, त्याचं झ म्यासोम, बेझ म्यासा. एवढं जमलं की उपाशी मरत नाही माणूस.

आणि हो, पदार्थासमोर २५०/५० असं काही लिहिलेलं असतं तो भाव नसतो. ग्रॅम असतात. अडीचशे ग्रॅम वारेनिकी, पन्नास ग्रॅम स्मेताना (घट्ट आंबट साय).

दुपारचा चहा
पैला! वाचते सावकाश, कुकर लावलाय.

तिखटजाळ
खार्किव्ह. आमच्याकडे तेव्हा बोलणं सगळं रशियन, बटाट्याला कार्तोश्का. मेनू मात्र युक्रेनी. म्हणजे कानाला एक आणि डोळ्याला एक. जानेवारी २०२१ पासून दुकानात-हॉटेलात गिऱ्हाइकाशी आधी युक्रेनीत बोलायचं हा नियम लागू झाला. मग काउंटरवरच्या मावशी आधी युक्रेनीत विचारणार, आपण बघत राहिलो की रशियनमध्ये, तरी उजेड पडला नाही तर डाव उचलून थेट भांड्याकडे दाखवणार. तिसरी भाषा सगळ्यांत सोपी.

वरणभात
बेझ म्यासावर फार विसंबू नका. एका खानावळीत बोर्श्च (बीटचं सूप) बेझ म्यासा मागितला. तुकडे नव्हते, पण रस्सा हाडांचा. विचारलं तर ती मुलगी म्हणते, यात मांस कुठेय ते दाखवा! बरं, कोंबडीला (कुर्का) पुष्कळ लोक मांसात धरतच नाहीत. स्विनीना म्हणजे डुक्कर, यालोविचिना म्हणजे गाय-बैल, हे दोन शब्द बऱ्याच जणांनी पहिल्याच दिवशी तळहातावर लिहून घेतले होते.
शाकाहारींसाठी खरा शब्द 'पिस्ने'. चर्चच्या उपवासाचं जेवण. ईस्टरच्या आधी कितीतरी हॉटेलांत वेगळं पिस्ने मेन्यू लावतात. मांस, दूध, अंडी काही नाही. पिस्नी बोर्श्च मागा, राजमा-मश्रूमवाला मिळतो. झकास.

दुपारचा चहा
'मांस कुठेय ते दाखवा' हाहाहा. आमच्या मेसवाल्याची सख्खी बहीण दिसते.

बीटद्वेष्टी
शेपूबद्दल कुणीच कसं बोललं नाही??? क्रिप म्हणतात त्याला! उकडलेल्या बटाट्यावर शेपू, काकडीवर शेपू, सूपवर शेपू. घरी शेपूची भाजी असली की मी मैत्रिणीकडे जेवायला जायचे आणि नशिबात हा देश आला. माझं पहिलं पूर्ण वाक्य 'बेझ क्रोपू, बूद लास्का', शेपू नको, प्लीज. क्रिपचं क्रोपू होतं बरं का. वेटरने एकदा आतून आचाऱ्याला बोलावून आणलं, फक्त मला बघायला.

रानमांजर
शेपू न आवडणाऱ्यांना धाग्यावर बंदी घाला. मूगडाळ घालून शेपू, वरून लसणाची फोडणी, ज्वारीची भाकरी. अहाहा.

बीटद्वेष्टी
@रानमांजर घ्या, आले. माझा आयडी बघितला असता तर बीटही आवडत नाही हेही कळलं असतं.

वरणभात
मग तुम्ही तिथे खाल्लंत काय? :D

बीटद्वेष्टी
ह्रेच्का (बकव्हीटचे उकडलेले दाणे) आणि पाव.

मोरजीकर
हंय गोव्यात आमच्या मोरजी-आश्वें पट्ट्यात शॅकवर सगळे मेनू त्याच लिपीत. रशियन पर्यटक जास्त, युक्रेनीपण येतात. आमचा वेटर कारवारचा, त्याला त्यातलं ओ की ठो वाचता येत नाही. गिऱ्हाईक बोट ठेवतं, हा बाजूचा नंबर बघतो. पण कान तयार. तिखट नको म्हणताना रशियन 'ने ओस्त्रो' म्हणतो, युक्रेनी 'ने होस्त्रो'. त्या 'ह' वरून हा ओळखतो म्हणे. कितपत खरं देव जाणे, कारण युक्रेनी लोकसुद्धा इथे सर्रास रशियन बोलतात.

साताऱ्याची आई
माझा मुलगा टर्नोपिलला होता. दुकानातून व्हिडिओ कॉल करायचा, आई हे दही आहे का. मी इथून काय सांगणार कपाळ! केफिरची (तिकडचं ताकासारखं आंबट दूध) कढी केली एकदा, जमली म्हणे. मार्च २०२२ मध्ये आला परत. सीमेवरच्या रांगेत एका बाईनं थर्मासमधला चहा दिला, तिचं नाव पण विचारायचं राहिलं म्हणतो.

तिखटजाळ
काकू __/\__ . दादाचं पुढचं शिक्षण कुठे चालू आहे?

साताऱ्याची आई
जॉर्जियाला पूर्ण केलं रे. आता एफएमजीईचा अभ्यास, परदेशात डॉक्टरकी शिकलेल्यांना इथे द्यावी लागते ती परीक्षा. तुझं झालं का?

तिखटजाळ
दिली, निकालाची वाट बघतोय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो काकू, नोट्स आहेत माझ्याकडे.

घाटपांडी
वॉर्सा. ऑफिसखाली युक्रेनी खानावळ आहे. पोलिश लोक चहाला हेर्बाता म्हणतात, यांच्याकडे मात्र 'चाय'. चाय बेझ त्सुक्रू, म्हणजे बिनसाखरेचा. पाणी मागताना 'बेझ हाझू' म्हणा, नाहीतर सोडा येईल.
अवांतर: १ जुलै २०२२ ला युनेस्कोनं युक्रेनी बोर्श्चची परंपरा तातडीने जपायच्या वारशात घेतली. मी हे कौतुकानं सांगितलं, तर किचनमधल्या दोघी बोर्श्चमध्ये राजमा घालायचा की नाही यावरून एकमेकींवर घसरल्या. एक पोल्टावाची, एक ल्विव्हची. माझं जेवण गार.

नवखा पांथस्थ
मी पुढच्या महिन्यात क्राकोला चाललोय, घरमालकीण युक्रेनी आहे आणि पहिल्या दिवशी जेवायला बोलावलंय. एक-दोन शब्द सुचवा प्लीज.

खडीसाखर
@नवखा पांथस्थ 'दुझे स्माच्नो', फार चविष्ट. पण ते म्हणालात की ताटात अजून पडतं. म्हणून 'दोसित' पण पाठ करा, पुरे. एकदा म्हणून भागत नाही.

रानमांजर
आणि शेपू आवडतो म्हणून सांगा. भाव वधारेल.