दगड रचून वर्षाचा दिवस नेमका कसा कळायचा?

क्षितिज१२:
इंग्लंडमधल्या स्टोनहेंजबद्दल, म्हणजे प्राचीन उभ्या दगडांच्या वर्तुळाबद्दल, वाचत होतो. 21 जूनच्या आसपास सूर्य त्या दगडांच्या रेषेत उगवतो हे कळलं, पण मला वेगळंच अडलंय. त्या आठवड्यात सूर्य उगवायची जागा जवळपास हलतच नाही ना, मग घड्याळ नाही, लिहिलेलं कॅलेंडर नाही आणि तरी आजच सगळ्यात मोठा दिवस हे कसं ठरवायचं?

रानवारा:
एकदम बरोबर ठिकाणी अडलात! खरं मोजमाप क्षितिजावरच होतं, दगडामुळे फक्त उभं राहायची जागा आणि बघायची दिशा दरवर्षी तीच राहते. अयनदिनाला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या किंवा सगळ्यात लहान दिवशी, सूर्य थबकल्यासारखा वाटतो हे खरंय पण महिनाभर आधी तो रोज चांगलाच सरकत असतो. तेव्हा एका खुणेवर उगवला की दिवस मोजायला लागायचं, टोकाला जाऊन परत त्याच खुणेवर आला की थांबायचं, आकड्याचा अर्धा म्हणजे अयनदिन. एवढं सोपं आहे.

वाळूघड्याळ:
पेरूमधलं चांकिल्लो बघा, माझ्या मते स्टोनहेंजपेक्षा भारी आहे. टेकडीच्या कण्यावर 13 दगडी मनोरे एका रांगेत, वय साधारण 2300 वर्षं. पश्चिमेच्या ठरलेल्या जागेवरून सूर्योदय बघायचा, पूर्वेच्या जागेवरून सूर्यास्त, आणि वर्षभरात सूर्य रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जाऊन परत येतो, म्हणजे मधल्या फटींवरून दोन-तीन दिवसांच्या फरकाने तारीख सांगता येते. अख्खं वर्ष!! 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं.

सांजसावली:
आयर्लंडचं न्यूग्रेंज राहिलं की, आत बोळ आणि खोली असलेलं प्राचीन थडगं. इसवीसनपूर्व 3200 च्या सुमाराचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडच्याही आधीचं. दारावर एक छोटी खिडकी ठेवलीय, डिसेंबरच्या अयनदिनाला सकाळी ऊन तिच्यातून 19 मीटरच्या बोळातून थेट आतल्या खोलीत पोचतं, साधारण 17 मिनिटं. 1967 च्या डिसेंबरमध्ये तिथे उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ'केली आत उभे राहिले आणि आधुनिक काळात पहिल्यांदा हे पाहिलं गेलं. पण याने तारीख ठरवायचे असं मला वाटत नाही, ती आधीच माहीत असल्याशिवाय असा बोळ बांधणार कसा?

क्षितिज१२:
हा मुद्दा पटला. मग 365 च्या वरचा पाव दिवस?

रानवारा:
एका वर्षात नाही दिसत. पण त्याच खुणेवर 40 वर्षं मोजत राहिलात तर 365 च्या हिशोबापेक्षा 10 दिवस जास्त भरतात, ते कोणाच्याही नजरेतून सुटायचे नाहीत.