कुकरची रिंग, फायरप्लेसची काच

मनू (पुणे): दादा, फायरप्लेस बंद ठेवलाय म्हणालास काल. बाहेर उणे २२ आणि घरात बंद? गॅस लीक झाला का?

दादा (कॅलगरी): गॅस नाही गं. साबणाचं पाणी लावून बघितलं, एकाही जोडावर बुडबुडा आला नाही. गळतोय तो जळून झाल्यावरचा वायू.

आई: वास आला का रे?

दादा: त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो, त्याला वासच नसतो, आई. गॅसचा येतो कारण त्यात मुद्दाम मर्कॅप्टन घालतात. याचा काही म्हणता काही कळत नाही. हिचं डोकं दुखायचं. संध्याकाळी हॉलमध्ये बसलं की सुरू, बाहेर चक्कर मारून आली की थांबायचं.

काका: अरे, पण तुमचा डायरेक्ट व्हेंट ना? तो खोलीतली हवा घेतच नाही.

दादा: बरोबर काका. पाइपात पाइप असतो. बाहेरच्या पाइपातून ताजी हवा येते, आतल्यातून धूर जातो. पण पुढची काच घट्ट बसलेली असेल तरच. कुकरची रिंग कडक झाली की वाफ कडेने सुटते ना, तसं झालंय. टेक्निशियनने वीस मिनिटं पेटता ठेवला आणि मग कार्बन मोनॉक्साइड मोजायच्या मीटरची नळी काचेच्या कडेकडेने अगदी सावकाश फिरवली. खाली शून्य, डावीकडे शून्य, उजव्या वरच्या कोपऱ्यात १८ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १८ भाग. काच उतरवली तर तिथलं गॅस्केट, म्हणजे काचेच्या कडेची सीलची पट्टी, चपटं झालेलं, नखाने तुकडा निघाला. शिवाय भिंतीबाहेरचं व्हेंटचं तोंड बर्फाने अर्धं बुजलेलं. धूर अडला की ज्योतही नीट जळत नाही.

वहिनी: आणि घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गप्प! मी चिडलेच. पण तो बिघडलेला नव्हता. ७० पीपीएम झालं तरी पहिला तासभर तो वाजत नाही, ३० ला तर महिनाभरही नाही. त्याला बनवलंयच तसं. म्हणून अलार्म आहे ना, मग कशाला तपासायचं, असं कोणी म्हणू नका. मागच्या वर्षी सर्व्हिसिंगवाला आला, काच पुसली, बिल दिलं आणि गेला. मीटर बॅगेतून काढलाच नाही. आम्हीही विचारलं नाही.

काका: नवं गॅस्केट लावल्यावर परत मोजायला सांग.

दादा: हो, काच बसवून पुन्हा पेटवणार आणि चारही कडा परत मोजणार. शून्य आलं तरच वापरायचा.

आई: मनू, तुझा गॅस गीझर बाथरूममध्येच आहे ना गं?

मनू: हो आई. थंडी वाजते म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावलाय.

दादा: मने, तो पुठ्ठा आत्ता काढ. तुझा गीझर बाथरूमचीच हवा घेतो आणि धूर तिथेच सोडतो. माझ्या फायरप्लेसला निदान बाहेर जाणारा पाइप तरी आहे.

मनू: काढला. उद्या प्लंबरला बोलावून गीझर बाहेर बाल्कनीत घेते. तोवर चुलीवर पाणी तापवू... म्हणजे शेगडीवर, स्वयंपाकघरात, खिडकी उघडी ठेवून.

आई: पुठ्ठा काढल्याचा फोटो टाक.