'एकसर' आणि 'समांतर': धारित्रांच्या गणितांत या शब्दांचा नेमका अर्थ काय?

प्रश्न: मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती, आता बारावी सायन्सला आहे. रोधांच्या धड्यात 'एकसर जोडणी' आणि 'समांतर जोडणी' हे शब्द ती शिकली. कपॅसिटरची गणितं सोडवताना मात्र 'सिरीज म्हणजे एका ओळीत, पॅरलल म्हणजे एकाखाली एक' असं धरून चालते आणि उत्तरं हुकतात. या शब्दांचा काटेकोर अर्थ कुणी सांगेल का? आणि कपॅसिटरला मराठीत धारित्र म्हणायचं की संधारित्र?

उत्तर: दुसरा प्रश्न सोपा आहे. 'संधारित्र' हा हिंदी पुस्तकांतला शब्द. मराठीत प्रभार (चार्ज) साठवणारी ही वस्तू 'धारित्र' आणि तिचा साठवण्याचा गुण 'धारकता'. पंखेवाले अजून 'कंडेन्सर' म्हणतात, तेही जुनंच नाव आहे. व्होल्टाने १७८२ मध्ये याच अर्थाचा इटालियन शब्द वापरला होता. बोलताना कपॅसिटर म्हणावं, काही बिघडत नाही.

खरी अडचण पहिल्या प्रश्नात आहे. आकृती कशी काढली आहे याचा या दोन्ही शब्दांशी काहीही संबंध नाही. 'एकसर' मधला 'सर' मोत्यांच्या सरातला घ्या. दोन मोत्यांच्या मधून तिसरा दोरा फुटत नाही, तेव्हाच तो एक सर असतो. तसंच दोन धारित्रं जिथे जोडली आहेत त्या बिंदूला तिसरं काहीही जोडलेलं नसेल, तरच ती एकसर. 'समांतर' मध्ये भूमितीतल्या समांतर रेषा शोधू नका. दोन्ही धारित्रांची टोकं त्याच दोन बिंदूंना जोडलेली असली की ती समांतर, मग आकृतीत ती आडवी असोत, उभी असोत की तिरपी.

गणितातलं बाकी सगळं यातूनच निघतं. समांतर असतील तर विभवांतर (व्होल्टेज) सारखं, प्रभार वाटला जातो, धारकता सरळ मिळवायच्या. एकसर असतील तर प्रभार सारखा, विभवांतर वाटलं जातं आणि धारकतांचे व्यस्तांक मिळवायचे. रोधांच्या नेमकं उलट, म्हणून सूत्रांची अदलाबदल होते. सूत्र पाठ करण्यापेक्षा 'सारखं काय आहे?' हे आधी विचारायची सवय लावा.

उदाहरण घेऊ. २ आणि ३ मायक्रोफॅरडची धारित्रं एकसर, बॅटरी १०० व्होल्टची. १/२ अधिक १/३ म्हणजे ५/६, म्हणून समतुल्य धारकता ६ भागिले ५, म्हणजे १.२ मायक्रोफॅरड. प्रभार १२० मायक्रोकूलोम. विभवांतरं ६० आणि ४० व्होल्ट, बेरीज १००, ताळा जमला. लहान धारकतेवर जास्त व्होल्ट येतात, हे इथे लक्षात ठेवावं. बरीच मुलं म्हणतात, दोघांवर १२०-१२० आहे, मग बॅटरीने २४० दिला. नाही, १२० च. पहिल्याची उजवी प्लेट, दुसऱ्याची डावी प्लेट आणि मधली तार हे एक बेट आहे, बॅटरीशी त्याचा कुठूनही संबंध येत नाही. सुरुवातीला तिथे एकूण प्रभार शून्य होता, तो शून्यच राहतो. म्हणून एकीकडे उणे १२० आणि दुसरीकडे अधिक १२०.

आता मुलीला हे द्या. २ मायक्रोफॅरडची तीन धारित्रं एका ओळीत. डाव्या टोकापासून एक तार दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या बिंदूला जोडली आहे. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधल्या बिंदूपासून एक तार उजव्या टोकाला. ओळ बघून ती एकसर म्हणेल आणि उत्तर दोन तृतीयांश काढेल. त्याऐवजी बिंदूंना अक्षरं द्यायला सांगा. नुसत्या तारेने जोडलेल्या बिंदूंना एकच अक्षर. डावं टोक 'अ', म्हणून तिसऱ्याच्या आधीचा बिंदूही 'अ'. उजवं टोक 'ब', म्हणून पहिल्याच्या नंतरचा बिंदूही 'ब'. आता वाचा: पहिलं अ-ब, दुसरं ब-अ, तिसरं अ-ब. तिन्ही समांतर! उत्तर ६ मायक्रोफॅरड.

घरातली उदाहरणंही दाखवा. छताच्या पंख्यातलं अडीच मायक्रोफॅरडचं धारित्र स्टार्टिंग वाइंडिंगशी (पंखा सुरू करणाऱ्या तारेच्या वेटोळ्याशी) एकसर असतं. शेतातल्या पंपाला पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामाला येणाऱ्या विजेचं प्रमाण) सुधारायला बसवतात तो कपॅसिटर पुरवठ्याच्या तारांवर समांतर असतो.

पुन्हा प्रश्न: अक्षरांची युक्ती फार कामाची आहे. पण फक्त दोनच धारित्रं एकमेकांना दोन्ही टोकांनी जोडली तर? दोघांची टोकं त्याच दोन बिंदूंना आहेत, म्हणजे समांतर. आणि मधे तिसरं काही नाही, म्हणजे एकसरही?

उत्तर: फार चांगला प्रश्न, परीक्षेत याच जागी गुण जातात. एकसरच्या सूत्रात एक अट दडलेली असते: मधल्या बेटावर आधीपासून प्रभार नको. वरचीच धारित्रं बॅटरीपासून सोडवा, १२०-१२० प्रभारासकट, आणि अधिक प्लेट अधिकला, उणे उणेला जोडा. आता एका बेटावर अधिक २४० आहे, अट मोडली. इथे समांतरच धरायचं: २४० भागिले ५, म्हणजे दोघांवर ४८ व्होल्ट. ऊर्जा आधी ६ मिलिजूल होती, आता ५.७६. उरलेली ०.२४ तारांमध्ये उष्णता होऊन आणि थोडी ठिणगीत जाते. अधिक प्लेट उणेला जोडली तर दोन्ही बेटांवरचा प्रभार शून्य, विभवांतर शून्य आणि सगळी ६ मिलिजूल खर्च.