'आयुष्यभर पार्ट फुकट' : रीलोडिंग प्रेसवाल्यांची सेवा की आगाऊ वसुली?

ओहायोचा_गडी (धागाकर्ता)

अमेरिकेत नेमबाजी करणाऱ्या आपल्या मंडळींकडून एक सल्ला हमखास मिळतो. "डोळे मिटून निळी प्रेस घे. काही मोडलं तर फोन कर, पार्ट घरपोच येतो, पैसे विचारत नाहीत." निळी म्हणजे अ‍ॅरिझोनाच्या स्कॉट्सडेलची डिलन. मला हा सल्ला पटत नाही, आणि का पटत नाही ते लिहितो. शिव्या घालायच्या असतील तर सगळं वाचून घाला.

विषय नवा असणाऱ्यांसाठी: गोळी झाडल्यावर पितळी पुंगळी हातात उरते. काडतुसात सगळ्यात महाग तीच. जुना प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी छोटी टोपी) काढून, नवा बसवून, मोजून बारूद घालून वर गोळी बसवली की तीच पुंगळी पुन्हा वापरता येते. हे ज्यावर करायचं ती प्रेस. स्वतःच्या वापरासाठी घरी भरायला इथे फेडरल परवाना लागत नाही, विकायला लागतो. स्वस्ताई हे एक कारण, पण आपल्या रायफलला मानवेल असं काडतूस बनवता येतं हे खरं व्यसन.

आता मुद्दा. डिलनची आरएल 550 आणि विस्कॉन्सिनच्या हार्टफर्डमधल्या लीची टरेट प्रेस यांच्या किमतीत सहज दोन-तीन पट फरक आहे. यंत्रं वेगळी आहेत, मान्य. पण त्या फरकात पुढच्या वीस वर्षांच्या स्प्रिंगा, पिना आणि टपालखर्च आधीच धरलेला असतो. म्हणजे हा आगाऊ भरलेला विमाच. मी वर्षाला मोजकीच काडतुसं भरतो. माझ्या पैशातून दर शनिवारी पोतंभर भरणाऱ्या माणसाच्या पिना जातात, आणि तो म्हणतो कंपनी किती दिलदार!

दिलदारी हिशेबीच आहे याचा पुरावा कंपनीच्याच अटींत सापडतो. 550 वर आजन्म गॅरंटी, पण सर्वांत जास्त राबणाऱ्या त्यांच्याच सुपर 1050 या प्रेसवर एकच वर्ष होती. विजेवर चालणाऱ्या वस्तू आजन्मात येत नाहीत. जिथे खर्च खरोखर येणार, तिथे औदार्य संपतं.

त्यापेक्षा लीची अट बघा. दोन वर्षं काही मोडलं-झिजलं तर फुकट. त्यानंतर वस्तू कितीही जुनी, कशाही अवस्थेत असो, सध्याच्या उत्पादनातली असली की चालू किमतीच्या निम्मे पैसे आणि वस्तू कारखान्यात पाठवा. नव्यासारखी करून नव्या गॅरंटीसकट परत. ज्याचं मोडेल तो भरेल. मला हा व्यवहार जास्त सरळ वाटतो.

---

टेक्सासची_आत्या

गड्या, कागदावर हिशेब चोख आहे. आता ओतीव लोखंडाची प्रेस खोक्यात घालून विस्कॉन्सिनला पाठवायचा खर्च मांड. तो तुझ्या खिशातून. मग निम्मी किंमत. मग ती परत येईपर्यंत हात चोळत बसणं. लीची अट सरळ आहे, ना नाही, पण ती वापरणारे किती? बहुतेक लोक गुपचूप नवीन घेतात किंवा सुटा पार्ट मागवतात. सुटे पार्ट ते स्वस्तात देतात, हे तू लिहिलंच नाहीस. त्यांची खरी सेवा ती आहे, निम्म्या किमतीची योजना नव्हे.

आणि प्रेसमध्ये मोडतं काय? जुना प्रायमर ढकलणारी पिन. ती जाणारच, एखादा खडा किंवा बर्डन प्रायमरची पुंगळी (जिच्या बुडात पिनेला मधोमध भोक मिळत नाही) आत गेली की कडाड. सेवा या पिनेवरून ठरते. शनिवारी पिन तुटली आणि पुढच्या आठवड्यात सामना असला की त्या क्षणी कोण फोन उचलतं यावर माझं सगळं मत बनतं. विमा कोणी भरला याचा विचार मी तेव्हा करत नाही.

---

पुंगळीवेचक

आत्याबाईंना +१. अजून एक, धागाकर्त्यांनी सोयीस्कर विसरलेलं. डिलनची गॅरंटी पहिल्या मालकापुरती नाही. रेंजवरच्या म्हाताऱ्याने विकायला काढलेली प्रेस मी घेतली, मूळ पावतीचा पत्ता नव्हता. पार्ट आले. म्हणजे तुम्ही जो 'आगाऊ विमा' म्हणताय तो यंत्रासोबत फिरतो, म्हणून जुन्या निळ्या प्रेसची किंमत फारशी उतरत नाही. तुमचे जास्तीचे पैसे विकताना बरेचसे परत येतात. हिशेबात ही जमेची बाजू धरा की राव.

---

ओहायोचा_गडी

@पुंगळीवेचक, मी विकणारच नाही, मग जमा कुठून? आणि जुन्याची किंमत उतरत नाही याचा अर्थ दुसऱ्या हातानं घेणारासुद्धा तोच विमा विकत घेतोय.

@आत्या, टपालखर्चाचं बरोबर. सुट्या पार्टांचंही. पण त्यानं माझीच बाजू बळकट होते ना? पार्ट स्वस्त असेल तर फुकट कशाला हवा?

---

काका_ऑन्टारियो

सीमेच्या अलीकडून लिहितो. 'फुकट पार्ट' ही कथा अमेरिकेतल्या पत्त्यांसाठी. इथे फुकट पिनेवर टपाल आपलं, वर कस्टम्सचा कागद. एका कंपनीने मला सरळ सांगितलं, कॅनडातल्या विक्रेत्याकडे जा. विक्रेता म्हणाला, कंपनीला विचारा. नाव लिहीत नाही, पण असा चेंडू टोलवण्यात एखाद्या तलाठी कार्यालयालाही लाजवलं त्यांनी. शेवटी ओळखीच्या लेथवाल्याकडून करून घेतला पार्ट. उत्तम बसला.

---

श्टुटगार्टकर

काकांच्या पुढे जाऊन सांगतो, जर्मनीत हा वाद जवळजवळ निरर्थक आहे. इथे बारूद घरात ठेवायची तर स्फोटक कायद्याच्या कलम 27 खालचा परवाना लागतो, त्याआधी सरकारमान्य अभ्यासक्रम आणि परीक्षा. परवाना पाच वर्षांचा. एवढं करून जो भरायला बसतो तो प्रेस निवडताना गॅरंटी शेवटी बघतो. शिवाय युरोपात नव्या वस्तूतल्या दोषाची जबाबदारी दोन वर्षं विक्रेत्यावर असते. माझं भांडण दुकानदाराशी. अमेरिकेतली कंपनी किती गोड बोलते याचं मला काय?

---

टेक्सासची_आत्या

श्टुटगार्टकर, मूळ दोषाचं तुमचं ठीक आहे, पण झिजेचं काय? दोन वर्षांनी स्प्रिंग ढिली झाली तर तो दोष नव्हे, वापर. दुकानदार हात वर करणार. इथल्या गॅरंटीत झीजसुद्धा येते, हा मोठा फरक आहे.

---

जुना_खोडकर

मी पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण हिरव्या प्रेसचं नाव अजून निघालं नाही म्हणून लिहितो.

आरसीबीएस. फ्रेड हंटिंग्टन यांनी 1943 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलला सुरू केली. 1976 मध्ये ओमार्ककडे गेली, तिथून ब्लाउंटकडे, 2001 मध्ये एटीके, 2015 मध्ये त्यातून फुटलेली व्हिस्टा आउटडोअर, आणि 2024 मध्ये बारूद विकणाऱ्या हॉजडनने घेतली. इतके सातबारे बदलले तरी पिन मागितली की पाठवतात ही ख्याती टिकली. हे औदार्य खातेपुस्तकावर भार असतं तर प्रत्येक नव्या मालकाने पहिल्याच वर्षी ते छाटलं असतं. मालकांना ठाऊक आहे की आरसीबीएस विकत घेतली म्हणजे ओतशाळेइतकीच ती ख्यातीसुद्धा विकत घेतली.

धागाकर्त्यांचा '1050 वर वर्षभर' हा मुद्दा दिसायला जोरदार आहे, पण टिकत नाही. ते यंत्र धंदा करणाऱ्यांच्या हिशेबाने बनवलेलं. रिक्षाला आणि घरच्या स्कूटरला एकच गॅरंटी कोण देईल? कंपनी हिशेब करते म्हणून ती लबाड ठरत नाही.

---

ओहायोचा_गडी

खोडकरशेठ, लबाड हा शब्द मी वापरलेला नाही. हिशेबी म्हणालो, आणि तुम्ही तेच सिद्ध केलंत. :)

मालक बदलण्याचा इतिहास मात्र मी उलटा वाचतो. आजवर टिकली म्हणून पुढच्या मालकाकडे टिकेलच असं थोडंच आहे? 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने गॅरंटी द्यायची सक्ती कुणावर केलेली नाही. लेखी दिलीत तर ती पूर्ण की मर्यादित ते सांगा, एवढंच. जुन्या यंत्राला पार्ट पाठवण्यात निम्मा भाग रिवाजाचा आहे, आणि रिवाज कोर्टात दाखवता येत नाही.

---

कॅड_वाली

मी यंत्रांचे सुटे भाग डिझाइन करते, त्यामुळे वेगळ्या बाजूने.

प्रेसमध्ये बसणाऱ्या डायची (पुंगळीला आकार देणाऱ्या, गोळी बसवणाऱ्या साच्याची) चूडी जवळजवळ सगळीकडे एकच आहे: सात-अष्टमांश इंच, दर इंचाला 14 आटे. म्हणून नेब्रास्कातल्या हॉर्नाडीची डाय लीच्या प्रेसमध्ये बसते, न्यूयॉर्क राज्यातल्या रेडिंगची डाय डिलनच्या 550 मध्ये बसते. गिऱ्हाईक अडकून पडत नाही. उद्या प्रेस बदलली तरी डायची पेटी तीच. अशा धंद्यात गिऱ्हाईक धरून ठेवायला कंपनीच्या हातात उरतं काय? फोन उचलणारा माणूस. पिना फुकट वाटण्याचं कारण मला इथे दिसतं. प्रिंटरवाले हे करत नाहीत, कारण त्यांची शाई दुसऱ्याच्या यंत्रात जात नाही.

गंमत म्हणजे डिलनच्याच स्क्वेअर डील बी या छोट्या प्रेसला स्वतःच्या वेगळ्या डाय लागतात. तिथे गिऱ्हाईक खरंच अडकतं. आणि आजन्म गॅरंटी तिच्यावरही आहे. म्हणजे माझा सिद्धांत तिथे थोडा लंगडतो, पण बाकी बाजाराला लागू पडतो.

गडीभाऊंच्या मूळ तक्रारीला माझं उत्तर: कमी वापरणाऱ्याने जास्त वापरणाऱ्याचा खर्च उचलायचा का? उचलावा, कारण त्या जास्त वापरणाऱ्याच्या फोनमुळेच कंपनीला कुठला भाग कच्चा आहे ते कळतं. लोक वर्षानुवर्षं तोच भाग मागू लागले की डिझाइन सुधारतं. पार्ट विकत घ्यायला लावलात की निम्मे लोक खिळा घासून काम भागवतील आणि कंपनीला काहीच कळणार नाही.

---

पुंगळीवेचक

कॅड_वाली, शेवटचा परिच्छेद सोन्याचा. आणि खिळा घासून भागवणारी जमात मला माहीत आहे. पिनेपर्यंत ठीक. पण साचेपट्टी (पुंगळ्या धरून फिरणारी चकती) फिरवणाऱ्या भागात कुणी जुगाड केलं आणि ती एक घर नीट पुढे सरकली नाही, तर एका पुंगळीत दुप्पट बारूद किंवा अजिबात नाही, असं होऊ शकतं. दुप्पट पडली तर बंदूक फुटते. अजिबात नसली तर गोळी नळीत अडकते आणि मागून पुढची येते. योग्य पार्ट सहज मिळणं ही इथे चैन नाही.

---

ओहायोचा_गडी

सुरक्षेचा मुद्दा मी मानतो, पण तो फुकट पार्टाच्या बाजूने जात नाही, चटकन मिळणाऱ्या पार्टाच्या बाजूने जातो. चार डॉलरचा पार्ट दोन दिवसांत आला तर तीन आठवड्यांनी येणाऱ्या फुकट पार्टापेक्षा सुरक्षित. 2020-21 मध्ये प्रायमर मिळेनासे झाले, नवशिके धडाधड प्रेस घ्यायला लागले, तेव्हा फोनवर तासन् तास संगीत ऐकलंय मी. आजन्म गॅरंटी होती, माणूस नव्हता.

---

कोथरूडचा_भाऊ

प्रामाणिक प्रश्न. आमच्याकडे तेजस्विनी सावंत, स्वप्निल कुसाळे यांच्यामुळे पोरं रेंजवर येतात. त्यांना हे प्रेस प्रकरण लागतं का?

---

जुना_खोडकर

भाऊ, नाही. हवेच्या बंदुकीत काडतूसच नसतं. आणि कुसाळेंनी पॅरिसला कांस्य जिंकलं त्या 50 मीटर रायफलमध्ये .22 रिमफायर लागतं. त्याचा स्फोटक मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो, वेगळा प्रायमर नसतो, म्हणून एकदा उडालं की पुंगळी भंगारात. सेंटरफायर (प्रायमर बुडाच्या मधोमध वेगळा बसतो ते) पिस्तूल किंवा छर्‍याच्या काडतुसाची गोष्ट वेगळी. पण भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस बनवायला परवाना लागतो, तेव्हा पोरांना प्रेसचे व्हिडिओ दाखवून डोक्यात भलतं भरवू नका.

---

टेक्सासची_आत्या

गड्या, शेवटचं विचारते. तुझ्या म्हणण्याप्रमाणे एखाद्या कंपनीने उद्या दोन किमती लावल्या: गॅरंटीसकट एक, गॅरंटीशिवाय शंभर डॉलर कमी. तू कुठली घेशील?

---

ओहायोचा_गडी

गॅरंटीशिवाय. आणि वाचलेल्या शंभरातून पहिल्याच दिवशी पिना, स्प्रिंगा आणि प्रायमरच्या नळीची टोकं आणून डब्यात ठेवीन. शनिवारी रात्री मला कुणालाच फोन करायचा नाही.

---

टेक्सासची_आत्या

डबा माझ्याकडेही आहे रे. फुकट भरलाय. पिन मागितली की दोन पाठवतात.