एनसीएएची सेमी, रविवारी पहाटे ३:३९ : फिबावाल्यांनी कशी बघायची?

मंगळवारपेठी_गार्ड :
मंडळी, अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलच्या (एनसीएए) पुरुषांच्या दोन्ही सेमी ४ एप्रिल २०२६ ला इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये आहेत. ६८ टीमची स्पर्धा, एक हार की घर. एनबीएसारखं सात सामन्यांत सावरायला मिळत नाही, खासबागेतल्या निकाली कुस्तीसारखा हिशेब. आमच्या कॉलेज टीमची चौदा-पंधरा पोरं एका ठिकाणी बसून बघणार आहेत. सगळी फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमांवर खेळणारी. आपल्या वेळेनं नक्की किती वाजता, आणि लाईट गेली तर काय, हे एक. दुसरं म्हणजे शेवटच्या दोन मिनिटांत ही पोरं एकामागून एक फाऊल का करत सुटतात, ते वन अँड वन काय प्रकरण आहे, हे कुणीतरी नीट सांगा. आणि एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये शूटिंग बिघडतं म्हणतात, ते खरं का?

रंकाळ्याचा_रिबाउंड :
वेळेचं आधी. गेली काही वर्षं पहिली सेमी तिकडच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळानं संध्याकाळी ६:०९ ला आणि दुसरी ८:४९ च्या सुमारास सुरू होते. एप्रिलमध्ये त्यांची घड्याळं तासभर पुढं केलेली असतात, म्हणून फरक साडेनऊ तासांचा धरायचा, साडेदहाचा नव्हे. इथंच लोक चुकतात आणि ४:३९ चा गजर लावून हाफ टाइमला उठतात. म्हणजे आपल्याकडं ५ तारखेच्या पहाटे ३:३९ आणि ६:१९. दुसरीची वेळ मात्र पक्की नसते. पहिली संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं ती सुरू होते, त्यामुळं पहिली ओव्हरटाइमला गेली तर ती पुढं सरकणार.

प्रोजेक्टर आणू नका. पहिल्या मॅचला ठीक आहे, पण कोल्हापुरात त्या दिवसांत सूर्य साडेसहाच्या आतच उगवतो. दुसरी सेमी सुरू होताना पडद्यावर पांढुरका उजेड येईल आणि बॉल दिसायचा नाही. शिवाय लॅम्पचा प्रोजेक्टर अडीचशे-तीनशे वॅट खातो. त्यापेक्षा ४३ इंची टीव्ही साधारण १०० वॅट, राऊटर आणि फायबरचा डबा मिळून २०, एक पंखा ७०. झाले १९०. घरातली १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवर असली तरी इन्व्हर्टरचा तोटा आणि बॅटरीचं वय धरून ११०० च धरा. म्हणजे पावणेसहा तास. पावणेचार ते साडेआठ निघतं, पण दुसरा पंखा लावलात की निघत नाही. आदल्या रात्री बॅटरीतलं पाणी बघून ठेवा.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भिस्त ठेवू नका. फुल एचडीला तासाला तीन जीबीच्या आसपास जातात, रोजच्या दोन जीबीत पहिला हाफसुद्धा पार पडणार नाही. नाइलाजच झाला तर आधीच ७२० वर आणा.

टेबलावरचा_माणूस :
आता फाऊलचं. फिबात चार क्वार्टर, आणि प्रत्येक क्वार्टरला पाचव्या टीम फाऊलपासून सरळ दोन फ्री थ्रो. कॉलेजच्या पुरुषांत वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ असतात आणि टीम फाऊलची मोजणी हाफभर चालते. सहापर्यंत नुसता साइडचा किंवा बेसलाइनचा बॉल. सातव्या, आठव्या, नवव्याला वन अँड वन : पहिला फ्री थ्रो आत गेला तरच दुसरा मारायचा, चुकला तर बॉल जिवंत, रिबाउंडला उडी. दहाव्यापासून दोन. शॉट मारताना फाऊल झाला तर कधीही दोन किंवा तीन, त्यात फरक नाही.

हिशेब मांडून बघा. सत्तर टक्के मारणारा पोरगा दोन फ्री थ्रोला उभा राहिला तर सरासरी १.४ पॉइंट, आणि हात हलवत परतायची शक्यता ९ टक्के. तोच वन अँड वनला उभा राहिला तर सरासरी १.१९, आणि काहीच न मिळण्याची शक्यता ३० टक्के. मागं असलेल्या टीमला हा ३० टक्क्यांचा जुगार परवडतो, कारण दुसरा रस्ता म्हणजे समोरच्यानं ३० सेकंदांचा शॉट क्लॉक, म्हणजे एका चालीत शॉट मारायची मुदत, खाऊन टाकायचा.

पोरांना एकच मॅच दाखवायची तर ५ एप्रिल २०२५, सॅन अँटोनिओ, ह्यूस्टन विरुद्ध ड्यूक. ड्यूक दुसऱ्या हाफमध्ये १४ नं पुढं. शेवटचं मिनिट उरलं तेव्हाही ६७-६१. ह्यूस्टनच्या शार्पनं ३३ सेकंद असताना तीन पॉइंटर टाकला, लगेच ड्यूकचा बाहेरून टाकलेला बॉल फसला, ह्यूस्टनच्याच टगलरनं चुकलेल्या शॉटवर डंक मारून ६७-६६ केलं. मग ड्यूकचा प्रॉक्टर वन अँड वनला उभा राहिला आणि पहिलाच चुकला. त्या रिबाउंडला ड्यूकच्या फ्लॅगचा फाऊल, ह्यूस्टनच्या रॉबर्ट्सनं दोन्ही फ्री थ्रो टाकले, ह्यूस्टन ६८-६७. ७०-६७ ला संपली. फिबात प्रॉक्टरला दुसरा फ्री थ्रो मिळाला असता आणि तो चुकेपर्यंत रिबाउंडचा प्रश्नच आला नसता.

मंगळवारपेठी_गार्ड :
समजलं. पण मग काही टीम मागं असून एका मिनिटात तीन-तीनदा फाऊल करतात आणि तरी समोरच्याला फ्री थ्रो मिळत नाही, ते का?

टेबलावरचा_माणूस :
कारण त्यांचे फाऊल कमी झालेले असतात. मागं असलेल्या टीमच्या नावावर दुसऱ्या हाफमध्ये चारच फाऊल असतील, तर समोरच्याला लाइनवर पाठवायला आधी दोन फाऊल खर्चावे लागतात. प्रत्येक वेळी बॉल परत बाहेरून टाकला जातो आणि दोन-तीन सेकंद जातात. चांगला कोच हे ओळखून चार मिनिटं आधीपासूनच आक्रमक डिफेन्स करवतो. उलट पुढं असलेल्या टीमकडं असे मोकळे फाऊल शिल्लक असतील तर शेवटच्या पझेशनला ती तेच वापरून समोरच्याची चाल मोडते.

यात फसतं कुठं, तर मागून जर्सी ओढली किंवा बॉलकडं न बघता मिठी मारली की रेफ्री फ्लॅग्रंट वन देतात. दोन फ्री थ्रो आणि वर बॉलही त्यांचाच. आपल्याकडच्या अनस्पोर्ट्समनलाइकसारखंच. हात बॉलवर गेलेला दिसला पाहिजे.

घड्याळाचेही फरक आहेत. बास्केट झाल्यावर फिबात शेवटची दोन मिनिटं घड्याळ थांबतं, तिकडं फक्त शेवटचं मिनिट. बॅककोर्टमधून, म्हणजे आपल्या बाजूच्या अर्ध्या कोर्टातून, बॉल काढायला आठ नाही, दहा सेकंद. ऑफेन्सिव्ह रिबाउंडला, म्हणजे आपलाच चुकलेला शॉट परत मिळाला तर, शॉट क्लॉक १४ ऐवजी २० सेकंद. बॉल ताब्यात असताना खेळाडू स्वतः टाइमआउट मागू शकतो, फिबासारखं कोचनं टेबलाकडं यायची गरज नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टाइमआउट घेतला म्हणून पुरुषांत बॉल फ्रंटकोर्टला, म्हणजे समोरच्या अर्ध्या कोर्टात, मिळत नाही. म्हणून तिकडचे कोच शेवटी टाइमआउट न घेता पळू देतात. २०२३ ला सॅन दिएगो स्टेटच्या बटलरनं फ्लोरिडा अटलांटिकवर असाच पळत जाऊन बझरला शॉट टाकला, ७२-७१. टाइमआउट घेतला असता तर डिफेन्स आवळून उभा राहिला असता आणि बॉल पुन्हा पूर्ण कोर्ट आणावा लागला असता.

खासबाग_झोन :
शूटिंगबद्दल. ते मूळचं अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम, बसायची सोय ७० हजारांच्या घरात. कोर्ट मैदानाच्या मधोमध उंचावर बांधतात, राखीव खेळाडू खालच्या पातळीवर बसतात. बोर्डच्या मागं आपल्या हॉलसारखी भिंत नसते, लांबवर चढत गेलेली माणसं दिसतात. त्यामुळं डोळ्याला अंतराचा अंदाज लागत नाही असं म्हणतात.

माझ्या मते हे जरा जास्तच चघळलं जातं. याच लुकास ऑइलमध्ये २०२१ ची गोंझागा-यूसीएलए सेमी झाली, दोन्ही टीमनी निम्म्याहून जास्त शॉट टाकले आणि ओव्हरटाइममध्ये ९३-९० ला निकाल लागला. कोविडमुळं प्रेक्षक मोजके होते हे खरं, पण रिंग आणि छत तेच. तिथं ९०-९० झालं तेव्हा ३.३ सेकंद उरले होते. शेवटच्या मिनिटात घड्याळ थांबतं म्हणूनच ते उरले. टाइमआउट न घेता गोंझागाच्या सग्जनं बॉल घेतला आणि हाफ लाइनच्या जरा पुढून बोर्डवर आपटून आत टाकला.

२०१५ ची सेमीही इथलीच. केंटकी ३८-० होती, म्हणजे तोवर एकही हार नाही, विस्कॉन्सिननं ७१-६४ नं काढलं. शेवटच्या टप्प्यात केंटकीचे सलग तीन शॉट क्लॉक व्हायोलेशन झाले, तेही क्लॉक ३५ सेकंदांचा असताना! तो दोष स्टेडियमचा नव्हे. एकाच्या हातात बॉल आणि बाकीचे चौघे उभे, असलं ऑफेन्स चांगल्या डिफेन्ससमोर असंच आटतं. म्हणून तुमच्या पोरांना सांगा, शॉट क्लॉक १० वर आला की बॉलकडं बघायचं सोडा, बाकीचे चौघे हलतात का ते बघा.

टेबलावरचा_माणूस :
त्याला जोड म्हणून दोन पोरांना वही द्या. एकानं दोन्ही टीमचे फाऊल हाफनुसार मांडायचे, उरलेले टाइमआउट आणि ज्याच्यावर चार फाऊल आहेत त्याचा नंबर बाजूला. दुसऱ्यानं पझेशन ॲरो, म्हणजे जम्प बॉल झाला तर बॉल कुणाला मिळणार ते दाखवणारा बाण, कुणाकडं आहे तेवढंच धरायचं, जम्प बॉलला तो बदलत जातो. ओव्हरटाइम झाला तर फाऊल शून्यावर येत नाहीत, दुसऱ्या हाफचेच पुढं चालू.

डावखुरी_विंग :
मुलींची टीम बघणार असेल तर महिलांची फायनल त्याच रविवारी फिनिक्सला आहे, म्हणजे आपला सोमवार लागल्यावर, मध्यरात्रीनंतर. तिकडं महिलांत दहा मिनिटांचे चार क्वार्टर आणि पाचव्या फाऊलपासून दोन फ्री थ्रो. वन अँड वन नाही, टाइमआउटनंतर बॉल पुढंही मिळतो. फिबावाल्यांना डोक्याला ताण नाही.

रंकाळ्याचा_रिबाउंड :
आणि दोन मॅचच्या मधल्या वेळेत सगळे एकदम गंगावेशला दुधाला पळू नका, ६:१९ ला कुणीच परत येणार नाही. दुसऱ्या सेमीचा हाफ टाइम सव्वासातच्या आसपास येईल. तेव्हा दोघांनीच जाऊन मिसळ बांधून आणायची, कट वेगळा घ्यायचा आणि पाव मोजून.