लुडविग माइडनर: १९१६ नंतरचा चित्रकार खरोखर दुय्यम होता का?

रेषाप्रेमी:
लुडविग माइडनर हा जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रकार, म्हणजे आतली भावना दाखवण्यासाठी रूपे आणि रंग मोडणाऱ्यांपैकी. त्याचे नाव निघाले की १९१२-१३ मधली त्याची प्रलयदृश्ये दाखवली जातात, पहिल्या महायुद्धाची चाहूल त्याला आधीच लागली होती असे सांगितले जाते, १९१६ नंतरचे काम दुय्यम ठरवले जाते आणि विषय संपतो. माझ्या मते भविष्यवेत्तेपणाची ही झूल त्याच्यावर अन्याय करते. १९३९ मध्ये जर्मनी सोडून इंग्लंडला गेलेल्या आणि तिथे शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध झालेल्या या ज्यू चित्रकाराने १९४२ ते १९४५ या काळात पोलंडमधल्या ज्यूंच्या यातनांवर कोळशाने आणि जलरंगांत जी मालिका केली, ती मला प्रलयदृश्यांहून मोठी वाटते. आधी कोसळत होती ती घरे; इथे माणसे कोसळतात.

कोरा कॅनव्हास:
विषय मोठा असला म्हणून चित्र मोठे ठरत नाही. ‘मी आणि शहर’ (१९१३) या चित्रात त्याचा चेहरा आणि बर्लिन एकमेकांवर असे आदळतात की दोन्ही वेगळे करता येत नाहीत. नंतरच्या कामात हा ताण मला कुठेच सापडत नाही. शिवाय दोष स्थलांतराचा नाही. हिटलर सत्तेवर येण्याच्या कितीतरी आधी तो अभिव्यक्तिवादापासून दूर जाऊन धर्माकडे वळला होता आणि वृत्तपत्रांसाठी लिहू लागला होता.

जुना वाचक:
आपण दोघेही परिस्थिती विसरता. त्याचा जुना सहकारी याकोब स्टाइनहार्ट १९३३ मध्येच जेरुसलेमला गेला. तिथे त्याला विद्यार्थी मिळाले, त्याची काष्ठचित्रे नावाजली गेली आणि पुढे तो बेझालेल कलाशाळेचा प्रमुख झाला. माइडनरने मात्र लंडनमध्ये पोटासाठी शवागारात पहारा दिला. १९४९ मध्ये चित्रकार पत्नी एल्सेसोबत बेन उरी गॅलरीत भरवलेल्या प्रदर्शनाचीही फारशी दखल घेतली गेली नाही. १९५३ मध्ये तो जर्मनीला परतला, एल्से लंडनमध्येच राहिली.

रेषाप्रेमी:
धर्माकडे वळणे म्हणजे ओसरणे, हे गृहीतकच मला मान्य नाही. प्रार्थना करणारी माणसे आणि संदेष्टे तो रेखाटत राहिला तेव्हा त्याचा आवेग संपला नव्हता. तो आवेग कोणासाठी आहे, एवढेच बदलले होते.

कोरा कॅनव्हास:
आवेग होता, बांधणी नव्हती. आणि दारिद्र्याचेच म्हणाल तर १९१२ मध्येही तो कफल्लक होता. त्या काळातले त्याचे कित्येक कॅनव्हास दोन्ही बाजूंनी रंगवलेले आहेत. तेव्हाच्या हलाखीने त्याचा हात सैल केला नाही, मग लंडनच्या हलाखीनेच तो केला असे का मानायचे?